मागून येणारा हात

त्रिशलाच्या उजव्या हाताची करंगळी गिटारच्या लाकडावर टेकली, आणि तिने डाव्या हाताने तो उचलून मागे घेतला.

खरं म्हणजे हात ती चालवत नव्हतीच. चालवत होती बाही. कोपरापासून मनगटापर्यंत घट्ट बसणारी, राखाडी कापडाची, आतून इलेक्ट्रोडच्या टिकल्या शिवलेली. पक्षाघाताने मुका झालेल्या हाताला ती बाहेरून हुकूम देई, आणि हात तारा छेडी. पहिले काही आठवडे नुसता थरकाप झाला होता. गेल्या आठवड्यापासून सूर निघायला लागले होते.

"काय झालं, ताई?" शाहीन नदाफने पडद्यावरची नजर काढून विचारलं. मिरजेच्या त्या पुनर्वसन केंद्रात ती इंजिनिअर होती. वय तिशीच्या आतबाहेर, बोलणं कमी, आणि चहा नेहमी गार करून प्यायची सवय.

"ही करंगळी."

"चांगलं आहे की. आज पहिल्यांदा ती हलली."

"करंगळी माझी आहे," त्रिशला म्हणाली. "टेकवायची सवय माझी नाही."

शाहीनला आधी ती थट्टा वाटली. पण त्रिशला शिरगुप्पे थट्टा करणाऱ्यांतली नव्हती. वय चौपन्न, जयसिंगपूरच्या महिला ऑर्केस्ट्राची संचालिका. गिटार शिकायला आलेल्या प्रत्येक मुलीला तिने पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली होती: उजवा हात तारांवर तरंगता ठेवायचा. करंगळी टेकवली की हात दावणीला बांधला जातो. आयुष्यात एकाच व्यक्तीने तिचं हे कधी ऐकलं नव्हतं.

"ही पद्मीची करंगळी आहे," ती म्हणाली. "माझ्या धाकट्या बहिणीची, पद्मजाची."

शाहीनने बाहीचा करंट बंद केला.

इलेक्ट्रिक गिटारचा मूळ आवाज फार थोड्यांनी ऐकलेला असतो. तारेखालचं चुंबक तारेचं थरथरणं विजेत बदलतं, आणि तो सिग्नल अगदी किरकोळ असतो. मच्छरदाणीच्या दांडीला तार ताणून छेडावी, तसा. त्याला लोक कोरडा सिग्नल म्हणतात. आपण ज्याला गिटारचा आवाज म्हणतो, तो त्याच्यानंतरच्या अँपने, म्हणजे अँप्लिफायरने, आणि स्पीकरने घडवलेला असतो. म्हणून पंचवीसेक वर्षांपूर्वी छोट्या स्टुडिओंनी एक सोय काढली. वाजवताना कोरडा सिग्नल तेवढा साठवून ठेवायचा. मग सवडीने तो मॉडेलर नावाच्या डब्यातून काढायचा. त्या डब्यात जगातल्या नामांकित अँपांचं वागणं गणिताच्या रूपात भरलेलं असतं. आज हा अँप, उद्या तो. वाजवणारा घरी गेला तरी चालतो. ह्याला रीअँप करणं म्हणतात.

शाहीनच्या गटाचा शोध ह्याच्या पुढचा होता. कोरड्या सिग्नलमध्ये तारेबरोबर हातही नोंदला जातो, हे त्यांनी दाखवून दिलं. तार छेडायचं पिक, म्हणजे ती छोटी चकती, कुठल्या कोनात लागलं, तार सोडताना बोट रेंगाळलं का, तळव्याचं मांस ओझरतं लागलं का, सगळं. शेकडो वादकांच्या हाताला इलेक्ट्रोड लावून त्यांनी मॉडेलरला शिकवलं, आणि मग तो उलटा चालवला. कोरडा सिग्नल द्यायचा, आणि तो वाजवताना कुठल्या स्नायूला कधी किती हुकूम गेला होता, हे काढून घ्यायचं. त्या हुकमांना ते हातठसा म्हणत. बाही तो हातठसा निकामी हातात सोडी. म्हणजे इथे अँपच्या जागी हात. रुग्णाने त्याच क्षणी स्वतःही वाजवायची इच्छा करायची. इच्छा आणि हुकूम जुळत राहिले, की मेंदू बुजलेली वाट पुन्हा चालू लागतो. मात्र हे पक्षाघातानंतरच्या काही महिन्यांतच घडतं. नंतर मेंदू ती वाट कायमची सोडून देतो. त्रिशलाचा हात उन्हाळ्यात गेला होता. शाहीनच्या हिशोबाने दिवाळीपर्यंत मुदत होती.

"पण फाइलवर तुमचंच नाव आहे," शाहीन म्हणाली. "त्रिशला, गाणी एक ते अकरा."

"सगळ्यावर माझंच नाव असतं," त्रिशला म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं की चूक कुठे झाली.

थोरलीच्या नावावर सगळं, ही त्यांच्या घरची रीत. वडील गेल्यावर गॅसचं कनेक्शन, लाइटबिल, ऑर्केस्ट्राची नोंदणी, सगळं त्रिशलाच्या नावावर चढलं. मगदूमच्या स्टुडिओत दोघी बहिणींनी अल्बम केला, तेव्हा बुकिंगही तिच्याच नावाने होतं. दोन गिटारी, बाकी काही नाही. एकच ओळ दोघींनी समोरासमोर बसून एकदम वाजवायची, म्हणजे एकच भरदार गिटार वाजल्यासारखी वाटते. त्रिशलाला कोरड्या आवाजावर वाजवणं जमायचं नाही. ती आपल्या पायापाशी पेडलची, म्हणजे पायाने दाबून आवाज बदलायच्या डब्यांची, पाटी ठेवून तयार, भरलेला आवाजच मशीनला द्यायची. पद्मजाला मात्र कोरडं चालायचं. वायरी तीच लावायची. तेव्हा कोरडा सिग्नल साठवला गेला तो पद्मजाचा एकटीचा, आणि फोल्डरवर नाव थोरलीचं. त्रिशलाने ती फाइल कधी उघडून ऐकली नव्हती. उपचार ठरले, तेव्हा मगदूमच्या मुलाने ती नावावरून शोधून दिली होती.

शाहीनने गार चहा दूर सारला. "ताई, मग आपल्याला थांबावं लागेल. हातठसा ज्याचा त्याचा असतो. दुसऱ्याचा वापरायचा तर त्यांची लेखी संमती लागते. कायदाच आहे तसा."

"दोन महिने वापरलाच की."

"माहीत नव्हतं म्हणून." ती जरा घुटमळली. "मला वेगळंच कोडं पडलंय. परक्याचा ठसा शरीर सहसा घेत नाही. आमच्या चाचण्यांत हात झटकून टाकतो. तुमच्या हाताने कसा घेतला?"

"बहीण आहे, म्हणून असेल."

"स्नायूंना नातं कळत नाही, ताई."

पद्मजा गडहिंग्लजजवळ सासरच्या गावी राहत होती. गिटार तिने सोडली होती. तुतीची बाग आणि रेशीमकिड्यांची शेड सांभाळत होती. चौदा वर्षांत दोघींची भेट लग्नाकार्यातही झाली नव्हती. एकीचं जाणं ठरलं, की दुसरी जात नसे.

त्रिशलाचा नवरा भूपाल गाडी चालवत होता. सबंध वाटेत तो एकदाच बोलला: "आधी तिच्या पोराबाळांची चौकशी कर. एकदम कागद पुढे करू नको."

शेडच्या दारात पांढऱ्या पावडरीचं ताट होतं. पद्मजा आतून म्हणाली, "चपला तिथंच काढ अक्का. पाय चुन्यात बुडव, मग ये."

चौदा वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य. त्रिशलाने पाय चुन्यात बुडवले.

"दाजी, तुम्ही अत्तर लावलंय होय? मग बाहेरच बसा. किडे मरतात वासानं."

"पूर्वी बहिणी बसवायच्या बाहेर," भूपाल पुटपुटला, "आता किडे बसवायला लागले." तो गाडीकडे गेला.

आत फळ्यांच्या रांगा होत्या, आणि त्यांवर हजारो पांढरट अळ्या पानं कुरतडत होत्या. पद्मजा टोपलीतला पाला दोन्ही हातांनी पसरत होती. पन्नाशीतही हात चपळ. त्रिशलाचं लक्ष आपोआप तिच्या करंगळीकडे गेलं.

"मुलं कशी आहेत?"

"बरी आहेत. कागद कुठला आणलाय ते सांग."

त्रिशलाने सगळं सांगितलं. बाही, हातठसा, मगदूमची फाइल, कायदा. पद्मजा पाला टाकत टाकत ऐकत होती. टोपली रिकामी झाली, तेव्हा तिने ती उपडी घातली.

"म्हणजे गेले दोन महिने तुझ्या हातात मी आहे."

"तुझा हात आहे."

"तेच म्हणते मी. हात हवा होता. मी नको होते."

"पद्मा, जुनं काढू नको. सही केलीस तर दिवाळीपर्यंत मी वाजवायला लागेन. नाही केलीस तर हा हात असाच लोंबत राहणार."

"आणि वाजवायला लागलीस की? पोस्टरवर काय येणार? 'त्रिशला शिरगुप्पे आणि साथी.' पूर्वी साथी बाजूला बसायची. आता तुझ्या मनगटातच बसेल, खुर्चीसुद्धा लागायची नाही."

भांडण झालं होतं ते 'आणि साथी' ह्याच दोन शब्दांवरून; अल्बमवरही तेच छापायचं ठरलं होतं. अल्बमवर आपलं नाव हवं, असं पद्मजाने एकदाच म्हटलं होतं. घरातलं घरात, बाहेर कशाला वेगळं दाखवायचं, असं त्रिशला म्हणाली होती. त्यानंतर पद्मजाने महिनाभर वाट बघितली, आणि एका कार्यक्रमाच्या सकाळी आपली गिटार खोळीत घालून निघून गेली.

"नाव टाकते तुझं," त्रिशला म्हणाली. "आधी टाकते, मग माझं."

"आता कशाला?" पद्मजाचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "अक्का, गॅस तुझ्या नावावर गेला, स्टुडिओ तुझ्या नावावर गेला, मी वाजवलेलं तुझ्या नावावर गेलं. हात तेवढा माझ्या नावावर राहू दे. मी तो वाजवत नाही. वाजवायला आता येतही नसेल. तरी राहू दे."

त्रिशलाने घडी घातलेला कागद पर्समध्ये परत ठेवला. डाव्या हाताने चेन लावायला वेळ लागला. पद्मजा मदतीला पुढे झाली, आणि मध्येच थांबली.

परतीच्या वाटेवर भूपाल म्हणाला, "मी बोलून बघू का तिच्याशी? माझं ऐकते ती."

"नको. ती बरोबर बोलली."

"मग?"

"मग माझा हात शोधायचा."

"तुमचा कोरडा सिग्नल नाहीच आहे," शाहीन दुसऱ्या दिवशी म्हणाली. "जे साठवलंच नाही ते कुठून आणू?"

"अल्बममध्ये मी वाजवलंय ना?"

"वाजवलंय. पण दोघींचं एकत्र मिसळलंय. जत्रेत मंडपाच्या दोन्ही बाजूंना सारखंच ऐकू यावं, म्हणून स्टुडिओवाल्यांनी डावं-उजवंही वेगळं ठेवलेलं नाही."

"मी शाळेत गणितात काठावर पास व्हायचे," त्रिशला म्हणाली. "तरी एवढं कळतं. बेरीज आहे. त्यातली एक संख्या तुझ्याकडे आहे. दुसरी काढता येत नाही होय?"

शाहीन उठली. मग तिने फळ्यावर लिहायला सुरुवात केली.

कागदावर ते सोपं होतं. पद्मजाचा कोरडा सिग्नल त्याच मॉडेलरमधून, त्याच जुन्या सेटिंगवर पुन्हा काढायचा. निघालेला आवाज अल्बममधून वजा करायचा. उरेल तो त्रिशलाचा. पण उरेल तोही कोरडा नव्हे. तिच्या पेडलमधून गेलेला, दाबलेला, फुगवलेला. त्याला उलट्या वाटेने पेडलमधून मागे आणायचं. वजाबाकीत केसाएवढं चुकलं, तरी उरतो तो नुसता कचरा.

"पण त्यांचा सिग्नल वापरायला संमती नाही," शाहीन म्हणाली.

"तो माझ्या हातात घालायला नाही. बाजूला काढायला?"

शाहीनने केंद्राच्या वकिलांना विचारलं. बाजूला काढायला हरकत नव्हती.

"पेडल तरी शिल्लक आहेत का?"

ते माळ्यावर होते. भूपालने शिडी लावून पाटी खाली काढली, जुन्या साडीत गुंडाळलेली. शाहीनने प्रत्येक पेडलमध्ये वेगवेगळे सूर सोडून तो काय करतो ते मोजलं, आतले घटक इतक्या वर्षांत किती म्हातारे झाले त्याची वजावट केली, आणि त्या काळी ते कसे वागत असतील ह्याचं प्रतिरूप बांधलं. गणेशोत्सव आला आणि गेला. ऑर्केस्ट्राच्या मुलींनी सुपाऱ्या परत केल्या. त्रिशला रोज केंद्रात येऊन बसायची. बाही बंद असली, तरी हात टेबलावर ठेवून एकेक बोट उचलायचा प्रयत्न करायची. बोटं उचलत नसत. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची. मुदत मात्र थांबली नव्हती.

कर्कश गाण्यांतून काहीच हाती लागलं नाही. साध्या, स्वच्छ वाजवलेल्या चार गाण्यांतून लागलं.

शाहीनने त्रिशलाच्या कानांवर हेडफोन चढवले. किरकोळ, उघडावाघडा आवाज. त्रिशलाने डोळे मिटले. स्वतःचा हात ती आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती. वाईट नव्हता. नेटका होता. घासून स्वच्छ केलेल्या भांड्यासारखा.

"आता हे बघा." शाहीनने पडद्यावर दोन लहरी एकीखाली एक ठेवल्या. "वरची पद्मजाताईंची, खालची तुमची."

त्रिशला बघत राहिली. वरच्या लहरीचा प्रत्येक डोंगर आधी चढत होता. खालचा त्याच्यानंतर, किंचित सरकलेला.

"किती हे?"

"सेकंदाचा साधारण चाळिसावा भाग. कानाला दोन वाटत नाहीत, एकच भरदार वाटते."

"कुठल्या गाण्यात?"

"चारही गाण्यांत. अगदी पहिल्या ठोक्यापासून."

"एक-दोन-तीन-चार मी म्हणायचे," त्रिशला म्हणाली. "मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

"म्हणत असाल. पहिला ठोका त्यांचा आहे."

खिडकीबाहेर कुणीतरी व्हीलचेअर ढकलत नेत होतं. त्रिशलाला तिच्या चाकाचा आवाज उगीचच फार वेळ ऐकू येत राहिला. लय धर, लय धर, असं ती पद्मजाला भर तालमीत सुनवायची. आपण वाजवतो तीच लय, ह्याबद्दल तिला कधी शंका आली नव्हती.

"म्हणजे मी नक्कल करत होते."

"नाही." शाहीनने मान हलवली. "ऐकून मग हात हलवायचा, तर ह्याच्या पाच-सहापट वेळ लागतो. इतक्या जवळून मागे यायचं, तर समोरचं माणूस आता काय करणार हे हाताला आधीच ठाऊक असावं लागतं. तुमच्या हाताला ते ठाऊक होतं. म्हणून तर त्यांचा ठसा तुमच्या शरीराने झटकला नाही. परका वाटलाच नाही त्याला."

"बरं," त्रिशला म्हणाली. "आता माझा ठसा आहे ना? घाल बाही."

हात हलला नाही. म्हणजे बाहीने हलवला, पण त्रिशलाची इच्छा आणि बाहीचा हुकूम काही केल्या जुळेनात. तिची इच्छा कधी फार आधी उठायची, कधी उठायचीच नाही. आठवडाभर त्यांनी तेच केलं. शेवटी शाहीनने खुर्ची तिच्यासमोर ओढली.

"तुमच्या ठशात सुरुवातच नाहीये, ताई. प्रत्येक ठोका दुसऱ्या कुणाच्या तरी ठोक्याला धरून आहे. एकटा तो उभा राहत नाही."

"पद्मी गेल्यावर मी मशीनच्या तालावर वाजवायचे. ते लावून बघ."

त्यांनी तालाचं मशीन लावलं. मग अल्बम लावला. दोन्हीला हात थोडा वेळ जुळला. दोन ठोके, तीन ठोके. मग आजारी हात अर्ध्या ठोक्याने मागे पडला. अल्बम पुढे निघून गेला आणि हात मध्येच लटकला.

"रेकॉर्डिंग काही तुमच्यासाठी थांबत नाही," शाहीन म्हणाली.

त्रिशलाने डाव्या हाताने बाहीच्या पट्ट्या सोडवल्या, आणि बाही घडी करून पिशवीत ठेवली.

"ही घरी न्यायला परवानगी आहे?"

"तुमचाच ठसा भरलेला आहे तिच्यात. समोरचा ठोका ऐकूनच पुढचा हुकूम सोडेल, अशी लावून देते. न्या. कुठे जायचंय?"

"थांबेल अशा माणसाकडे."

भूपालने ह्या खेपेला अत्तर लावलं नव्हतं. त्याने दोन गिटारी आणि कपड्यांची बॅग ओसरीवर आणून ठेवली. बॅग बघून पद्मजाच्या कपाळाला आठी पडली.

"सही करणार नाही म्हटलं ना मी."

"सही नको. हे ऐक." त्रिशलाने फोन पुढे केला. "आणि हे बघ."

पद्मजाने ओढणीला हात पुसून फोन घेतला. ती दोन लहरींकडे बघत होती, आणि त्रिशला शाहीनने सांगितलेलं सगळं तिला सांगत होती, काही न गाळता. सांगून झालं, तशी पद्मजाने दोन्ही लहरी बोटांनी मोठ्या करून बघितल्या. मग एकदम हसली. फार छान हसणं नव्हतं ते.

"तू मागून यायचीस?"

"हो."

"आणि शिव्या मला घालायचीस. लय धर म्हणून. माणसांत."

"हो."

"हे तुला आत्ता कळलं?"

"मशीननं दाखवल्यावर. एरवी नसतंच कळलं."

पद्मजाने फोन परत दिला. "मग आता काय, माफी मागायला आलीस?"

"नाही. वाजवायला आले. मला तुझा हात नको पद्मा. तो तुझ्या नावावर राहू दे. तू पुढे बसून वाजव, मी मागून येते. तेवढंच येतं मला, असं दिसतंय."

"मला येत नाही आता. चौदा वर्षं झाली. बोटं बघ, पाला तोडून तोडून."

"मला तरी कुठं येतंय?"

भूपाल खाकरला. दोघींनी एकदम त्याच्याकडे बघितलं, तसा तो पुन्हा गिटारच्या खोळीची चेन तपासू लागला.

"आणि ही बॅग?"

"इथं राहणार आहे मी. दिवाळीपर्यंत मुदत आहे."

"माझं घर आहे हे अक्का, धर्मशाळा नव्हे. विचारायचं तरी."

त्रिशलाने डाव्या हाताने बॅग ओसरीच्या कडेला सरकवली. घर म्हणजे आपलंच, असं आजवर ती समजून चालली होती. "राहू का?" तिने विचारलं.

पद्मजाने ओसरीवरची टोपली उचलली. शेडकडे बघितलं, उन्हाकडे बघितलं. "किड्यांची जेवणाची वेळ झाली. आधी पाला टाकू, मग बघू. डाव्या हाताने टोपली धरता येते ना?"

"येते."

"मग चल. चुन्यात पाय."

पाला टाकून होईतो ऊन अंगणातून ओसरीवर चढलं होतं. भूपाल चहा पिऊन, आठवड्याने येतो म्हणून निघून गेला होता. पद्मजाने त्रिशलाच्या हातावर बाही चढवली, पट्ट्या ओढल्या, आणि मग भूपालने आणलेली दुसरी गिटार मांडीवर घेतली. स्वर लावताना ती दोनदा चुकली. तारा बोटांत रुतल्या, तिने हात झटकला.

"आकडे तू म्हणणार?"

"नाही. तू नुसतं वाजव."

पहिला ठोका दबका निघाला, खुळखुळ्यासारखा. त्रिशलाचा हात उचललाच नाही. दुसऱ्यालाही नाही. पद्मजा थांबली, तिने करंगळी लाकडावर नीट टेकवली आणि पुन्हा सुरुवात केली, सावकाश, मुलांना शिकवताना वाजवतात तेवढ्या संथपणे. तिसऱ्या ठोक्यामागून, बराच मागून, त्रिशलाच्या पिकने तार गाठली.

"आली," पद्मजा म्हणाली.

"बोलू नको. पुढे चल."

पुढचे दोन जुळले. मग हात जड झाला, मनगट खाली ओढल्यासारखं झालं, आणि त्रिशलाला वाटलं, आता ही जाणार पुढे निघून. तिने दात आवळले आणि हात वर घ्यायचा हुकूम स्वतःच स्वतःला दिला. एकदा, पुन्हा एकदा.

समोर पद्मजाने पिक तारेवर टेकवून धरलं होतं. ती छेडत नव्हती. तिची नजर थोरलीच्या मनगटावर होती, आणि ते वर येईपर्यंत तिने ठोका तसाच हातात धरून ठेवला.